डोंगरातली अनेक दिवसांची चाल आणि लहरी हवामान: इंदूरकरांचे नेहमीचे प्रश्न

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की रामबागेपासून महूपर्यंतची मराठी घरं उन्हाळ्याचे बेत आखू लागतात आणि आमच्याकडे तेच तेच प्रश्न येऊ लागतात. पाच-सात दिवस पाठीवर सामान घेऊन हिमालयात चालायचं आहे, जमेल का, काय न्यायचं, पाऊस आला तर काय. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण त्या गोष्टींवर जीव अवलंबून असतो.

इंदूर तर सपाट. इथे राहून तयारी होते का?

होते. उंचीची होत नाही, पायांची आणि दमाची होते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आहे, त्यामुळे विरळ हवेची सवय इथे लागणार नाही आणि कितीही पळालात तरी ती लागत नाही. चढ मात्र आहेत. शहराला लागून रालामंडलची टेकडी आहे, महूजवळ जानापाव आहे, आणि सुट्टीच्या दिवशी जाम गेटच्या बाजूला विंध्याचा उतार आहे. निदान अडीच-तीन महिने आधी सुरुवात करा. आठवड्यात तीन-चार दिवस तासभर भरभर चालणं, एक दिवस सॅक घेऊन चढ, आणि शक्य असेल तेव्हा शनिवार-रविवार लागोपाठ मोठी चाल. दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चालणं हाच खरा सराव आहे, कारण डोंगरात रोजच दुसरा दिवस असतो.

सॅकमध्ये वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. सुरुवातीच्या आठवड्यांत माथ्यावर पोचल्यावर थोडं पाणी झाडांना घाला, म्हणजे उतरताना गुडघ्यांवर एकदम भार येत नाही. पुढे पुढे भरल्या सॅकनेच उतरा. लोक चढाचा सराव करतात आणि उतार विसरतात. मांड्या भरून येतात आणि गुडघे बोलू लागतात ते उतारावर.

आणि जुलैत, भर पावसात, चोरलच्या बाजूला एक पूर्ण दिवस चाला. बूट ओले झाल्यावर पाय कसे होतात, पॉंचो वाऱ्यात कसा फडफडतो, सॅकमधलं काय भिजतं, हे घरापासून तासाभराच्या अंतरावर कळलेलं बरं.

मी पायी नर्मदा परिक्रमा केली आहे. तो अनुभव उपयोगी पडेल का?

खूप. रोज चालण्याची शिस्त, मोजक्या सामानात राहणं, मिळेल ते गोड मानून खाणं, पायाचे फोड सांभाळणं, हे सगळं परिक्रमावासी शिकलेला असतो, आणि पहिल्यांदा हिमालयात जाणाऱ्या बहुतेकांकडे नेमकं हेच नसतं. पण परिक्रमेतलं अमरकंटकही हजार मीटरच्या थोडंसंच वर आहे. विरळ हवा, शून्याखालची रात्र आणि बर्फाचा वारा हे तिन्ही नवीन असणार. शिवाय परिक्रमेत संध्याकाळी गाव, आश्रम किंवा कुणाचं अंगण मिळतं. उंचावर तंबूखेरीज आसरा नसतो. पायांवर विश्वास ठेवा, उंचीच्या बाबतीत मात्र नवखे आहात असंच समजा.

पहिला लांबचा ट्रेक कुठला घ्यावा?

ज्या वाटेवर गावं आहेत आणि जिथून कुठल्याही दिवशी मागे फिरता येतं, असा. उत्तराखंडातलं हर की दून (३,५६६ मीटर) यासाठी उत्तम. सांकरीपासून सुरुवात, वाटेत वस्ती, चढ हळूहळू. बंगालमधलं संदकफू (३,६३६ मीटर) हेही चांगलं, तिथे वाटेवर राहायच्या जागा आहेत.

खिंड ओलांडणारा ट्रेक दुसऱ्या वेळेसाठी ठेवा. खिंड ओलांडली की परतीची वाट बंद झाल्यासारखी होते, पुढेच जावं लागतं. हिमाचलातली हामटा खिंड, सुमारे ४,२७० मीटर, हा खिंडीचा चांगला पहिला धडा आहे. कुल्लूच्या बाजूला हिरवंगार आणि ओलं, खिंडीपलीकडे लाहौलमध्ये उघडंबोडकं आणि कोरडं. पावसाळी ढग पीर पंजालच्या रांगेला अडतात म्हणून एकाच दिवसात दोन वेगळ्या मुलुखांचं हवामान भेटतं.

पिन-पार्वतीसारख्या, ५,३०० मीटरच्या वर जाणाऱ्या आणि हिमनदीवरून नेणाऱ्या वाटा अनुभवाशिवाय घेऊ नयेत. त्याआधी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत किंवा मनालीच्या संस्थेत मूलभूत अभ्यासक्रम करता आला तर जरूर करावा.

मुलांची सुट्टी मे-जूनमध्ये, नाहीतर दिवाळीत. यातलं काय सुरक्षित?

दोन्ही चांगले काळ आहेत आणि दोन्हीत हवा फिरू शकते. मेमध्ये वरच्या वाटांवर जुना बर्फ असतो, दुपारी ढग जमतात. जूनच्या अखेरीला मोसमी पाऊस हिमालयात पोचतो आणि मग दरडी, तुटलेले रस्ते. सप्टेंबरअखेर तो माघारी जातो, त्यानंतर आकाश स्वच्छ, पण रात्री कडक आणि दिवस लहान.

याशिवाय पश्चिमी विक्षोभ नावाचा पाहुणा असतो. भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या या प्रणाली मुख्यतः हिवाळ्यात बर्फ आणतात, पण इतर महिन्यांतही येतात. जून २०१३ मध्ये केदारनाथला जे घडलं त्यात वेळेआधी पोचलेला मोसमी पाऊस आणि असा विक्षोभ एकत्र आले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये, पाऊस संपला असं सगळे धरून चालले असताना, उत्तराखंडात अतिवृष्टी आणि वर जबर हिमवर्षाव झाला. लमखागा खिंडीच्या परिसरात ट्रेकर मृत्युमुखी पडले. जून २०२४ मध्ये सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेले ९ ट्रेकर हिमवादळात सापडून मृत्युमुखी पडले. हे महिने लोक 'सीझन' म्हणून निवडतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

मोबाईलवर अंदाज बघून निघालो तर पुरे ना?

निघायच्या आधी बघाच. हवामान खात्याचं 'मौसम' अॅप आणि त्या राज्यासाठी दिलेले पिवळे, नारिंगी, लाल इशारे रोज पाहा. नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर वर जाऊ नका, मग आकाश कितीही निळं असो. पण अंदाज असतो जिल्ह्याचा, आणि तुम्ही असता एका दरीत. एका कड्याच्या अलीकडे ऊन आणि पलीकडे गारा असं नेहमी होतं. शिवाय दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रेंज जाते.

तिथून पुढे डोळ्यांनी वाचावं लागतं. सकाळी लवकरच फुगलेले, कोबीसारखे चढत जाणारे ढग दिसले तर दुपारी पाऊस किंवा गारा समजा. शिखराच्या डोक्यावर टोपीसारखा गुळगुळीत ढग बसला तर वर जोराचा वारा आहे. उंच आकाशात पिसांसारखे ढग दाट होत जाऊन सूर्याभोवती खळं पडलं, तर दिवसा-दोन दिवसांत हवा बिघडू शकते. मनगटी घड्याळात वायुदाब दिसत असेल तर कॅम्पवर एकाच जागी बसलेलं असताना तो सतत घसरतोय का पाहा. आणि मेंढ्या घेऊन खाली येणाऱ्या गद्दी मेंढपाळाला विचारा. तो वेळेआधी उतरत असेल तर त्याला काहीतरी दिसलेलं असतं.

सुट्टी मोजून आठ दिवसांची आहे. त्यात बसवता येईल का?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो आणि उत्तर सर्वात कमी लोकांना आवडतं. आठ दिवसांची सुट्टी असेल तर चार दिवसांचा ट्रेक करा.

हिशेब मांडून बघा. मालवा एक्सप्रेसने अंबाल्याला किंवा दुसऱ्या गाडीने डेहराडून-ऋषिकेशला जाण्यात एक दिवस, पुढे पायथ्याच्या गावापर्यंत डोंगरी रस्त्याने एक दिवस, परतताना तेवढेच. उरले चार. त्यात लोक पाच दिवसांची वाट कोंबतात आणि परतीचं तिकीट आधीच काढून ठेवतात. मग खिंडीखाली तंबूत बसलेले असताना पाऊस लागतो. शहाणपण सांगतं, उद्या थांबा. तिकीट सांगतं, आत्ताच चला. अशा वेळी माणूस हवा बघत नाही, तारीख बघतो. खराब हवेत खिंड चढायचा निर्णय पुष्कळदा असा इंदूरच्या आरक्षण खिडकीवरच घेतलेला असतो.

म्हणून वेळापत्रकात दोन रिकामे दिवस ठेवा, त्यासाठी सुट्टी वाढवावी किंवा वाट लहान करावी लागली तरी. एक ट्रेकच्या आत, खिंडीच्या आधीच्या मुक्कामासाठी. एक परतीच्या गाडीआधी, दरड कोसळून रस्ता बंद झाला तर. ते वापरावे लागले नाहीत तर गंगेकाठी किंवा मनालीत बसून आराम करा, कुणी अडवत नाही. एखाद्या संस्थेबरोबर जात असाल तर पैसे भरण्याआधी विचारा की राखीव दिवस आहे का, आणि हवा बिघडून मागे फिरलो तर पैशांचं काय. या दुसऱ्या प्रश्नाला स्वच्छ उत्तर मिळालं तर ती माणसं भरवशाची आहेत.

मागे फिरायची अटही घरीच, सगळे शांत डोक्याने बसलेले असताना ठरवा आणि कागदावर लिहा. 'सकाळी अकरापर्यंत खिंड गाठली नाही तर परत.' 'गटातल्या एकालाही उंचीचा त्रास सुरू झाला तर सगळे तिथेच थांबणार.' वर गेल्यावर उंचीमुळे विचार मंदावतात, खर्च झालेले पैसे आठवतात, आणि शिखर समोर दिसत असतं. त्या क्षणी नवा निर्णय घ्यायला लागू नये, जुना फक्त पाळावा.

गाईड पहाटे तीन-चारला का उठवतात?

कारण सूर्याने दरी तापली की हवा वर चढते आणि दुपारी ढग होतात. खिंड दुपारच्या आत ओलांडलेली असावी. पहाटे बर्फ घट्ट असतो, उन्हात तो मऊ होऊन पाय गुडघ्यापर्यंत जातात. हिमनद्यांतून येणारे नालेही सकाळी कमी भरलेले असतात आणि दुपारनंतर वाढतात.

कपडे कोणते? जीन्स चालेल का?

जीन्स नको, आणि सुती बनियनही नको. सुती कपडा घाम धरून ठेवतो, वाळत नाही आणि वाऱ्यात अंगाची ऊब ओढून नेतो. उंची दर हजार मीटरनी वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे इंदूर आणि चार हजार मीटरवरचा कॅम्प यांत नुसत्या उंचीमुळे बावीसेक अंशांचा फरक पडतो. वारा आणि ओल वेगळी.

तीन थर ठेवा. अंगालगत घाम बाहेर सोडणारा कृत्रिम धाग्याचा किंवा मेरिनो लोकरीचा, मध्ये फ्लीस, बाहेर पाणी आणि वारा अडवणारं जॅकेट. पिसांचं जॅकेट कॅम्पवर थांबल्यावर घालायचं, चालताना नाही, कारण ते घामाने भिजलं की निकामी होतं. चढ सुरू होण्याआधी एक थर काढा, थांबताक्षणी घाला. घाम येऊच द्यायचा नाही ही कला आहे.

एक कोरडा जोड, मोजे धरून, फक्त झोपण्यासाठी राखा. सकाळी पुन्हा ओले कपडे चढवणं जिवावर येतं, तरी तेच चढवा आणि कोरडा जोड सॅकमध्ये परत ठेवा. सॅकला बाहेरून रेनकव्हर असतंच, पण आत मोठी जाड प्लास्टिकची पिशवी लावून तिच्यात सामान भरा. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचं 'कम्फर्ट' तापमान, म्हणजे ज्यात आरामात झोप लागते ते, बघा. 'लिमिट' किंवा 'एक्स्ट्रीम' आकड्यावर जाऊ नका.

सॅक किती किलोची असावी?

शरीराच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नको. पन्नास-साठ लिटरची सॅक पुरते. जड वस्तू पाठीलगत मध्यभागी, भार खांद्यांवर नाही तर कमरेच्या पट्ट्यावर. बूट निदान महिनाभर वापरून झालेले असावेत, नखं कापलेली.

अंग गारठतंय हे कसं ओळखायचं?

त्यासाठी बर्फ लागत नाही. दहा अंश तापमान, भिजलेले कपडे आणि वारा एवढं पुरतं. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो. आधी थरथर, मग हातातून वस्तू निसटतात, चेन लावता येत नाही, बोबडी वळते, माणूस चिडचिडा किंवा एकदम गप्प होतो. 'मला जरा बसू दे' असं म्हणून बसतो. त्याला बसवून ठेवून पुढे जाऊ नका. आणि थरथर थांबली पण माणूस गुंगीत असेल तर तो बरा झालेला नाही, धोका वाढलेला आहे.

वाऱ्याच्या आड न्या, ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, खाली मॅट टाका कारण जमीन ऊब खेचते, स्लीपिंग बॅगेत घाला. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गरम गोड पाणी द्या. हातपाय चोळू नका. दारू अजिबात नाही.

वर गेल्यावर डोकं दुखलं तर? डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यावी का?

अडीच हजार मीटरच्या वर डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल तर तो उंचीचा त्रास समजा. 'उन्हाने दुखतंय' असं स्वतःला समजावू नका. लक्षणं असताना वर जायचं नाही. थांबून वाढली तर उतरायचं, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागणं, गुलाबीसर फेसाळ थुंकी, किंवा सरळ रेषेत टाचेला बोटं जुळवत चालता न येणं, ही फुप्फुसात किंवा मेंदूत सूज आल्याची चिन्हं आहेत. तेव्हा उतरणं हाच उपाय, ऑक्सिजन आणि औषध त्याच्या जोडीला.

टाळण्याचा मार्ग म्हणजे हळू जाणं. तीन हजार मीटरच्या पुढे झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढावा. डायमॉक्स या चालीला मदत करते, तिची जागा घेत नाही. ती डॉक्टरांना विचारूनच घ्या, विशेषतः सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर. लघवीला जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. झोपेच्या गोळ्या नकोत.

बाबांचं वय ५८, मधुमेह आहे. त्यांना न्यावं का?

वयापेक्षा तब्येत बघा. डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी, साखर आटोक्यात, आणि घराजवळच्या चढांवर ते तुमच्याबरोबर चालू शकतात याची खात्री. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून ते रात्री अंगाजवळ ठेवावं. थंडीत साखर मोजायचं यंत्र चुकीचे आकडे देऊ शकतं, तेही उबेत ठेवा. बाबांचा वेग हाच गटाचा वेग, हे आधीच मान्य करा.

नाला ओलांडताना काय बघायचं?

इंदूरकरांना हे वेगळं सांगायला नको. जुलै २०११ मध्ये महूजवळच्या पातालपाणी धबधब्याला लोंढा अचानक आला आणि पाण्यात उभी असलेली एका कुटुंबातली माणसं वाहून गेली. पाऊस वर कुठेतरी पडलेला असतो, तुमच्या डोक्यावर पडलेला असायला हवा असं नाही. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत येऊ लागला, आवाज बदलला, की लगेच काठावर आणि वर.

ओलांडायचंच असेल तर जिथे पात्र रुंद आहे तिथे, कारण तिथे पाणी उथळ असतं. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर ती टाकता येईल. बूट किंवा सँडल घालूनच उतरा. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे रोवलेली, एका वेळी एकच पाय हलवायचा. पाणी मांडीपर्यंत येऊन जोर करत असेल तर थांबा. पहाटेपर्यंत ते बहुधा उतरतं.

विजा कडाडू लागल्या तर?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीस सेकंदांपेक्षा कमी असतील तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. धारेवरून, माथ्यावरून, एकट्या झाडापासून खाली सरका, काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांपासून अंतर ठेवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप रेंज असेपर्यंत इशारे देतं.

खायला घरून काय न्यावं?

उंचावर भूक मरते आणि गोडाचा कंटाळा येतो. नुसते चॉकलेटचे बार भरून नेणारे तिसऱ्या दिवशी त्यांच्याकडे बघत नाहीत. सातूचं पीठ, गूळपोळ्या, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, मेतकूट, आणि तोंडाला चव यावी म्हणून लिंबाचं लोणचं आणि आमसुलं. दशम्या पहिल्या दोन दिवसांसाठी छान. आपली शेव थोडी न्या, मन प्रसन्न होतं, पण ती तहान वाढवते. चार हजार मीटरवर पाणी साधारण ८७ अंशांनाच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. मऊ भात-मेतकूट, सूप, खिचडी हेच चालतं.

दिवसाला तीन-चार लिटर पाणी प्या. झऱ्याचं पाणी स्वच्छ दिसलं तरी वर मेंढ्या चरत असतात. क्लोरिनच्या गोळ्या टाका किंवा उंचावर तीन मिनिटं खळखळून उकळा.

मुलींना वाटेत अडचण येते का?

येते आणि ती सोडवता येते. पाळीची तारीख प्रवासात नसली तरी सामान न्या, उंचीमुळे आणि श्रमामुळे तारीख पुढे-मागे होते. वापरलेले पॅड जाड, बंद होणाऱ्या पिशवीत घालून परत आणायचे. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी कमी पिणं हे मात्र अगदी करू नका.

एकट्याने जाऊ का? मदत कशी मागायची?

पहिल्या काही वेळा नको. घरी वाटेचा नकाशा, मुक्कामांची नावं आणि 'या तारखेपर्यंत फोन आला नाही तर याला कळवा' असा कागद ठेवून जा. आणीबाणीचा क्रमांक ११२. दुर्गम गावांत बऱ्याचदा बीएसएनएलच लागतं. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं नेऊ नका. त्यासाठी अटक झालेली आहे.

पोर्टर आणि खच्चरवाल्यांबाबत काही सांगाल?

त्यांच्याकडे पुरेसे बूट, गरम कपडे आणि झोपायला तंबू आहे का ते निघण्याआधी बघा. नसेल तर संयोजकाला विचारा. तुमचं सामान वाहणारा माणूस थंडीत उघड्यावर झोपत असेल तर तो ट्रेक घेऊ नये. आणि त्याने 'आज नको' म्हटलं तर ऐका.

उत्तराखंडातल्या बुग्याळांत, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांत, तंबू लावता येतात का?

२०१८ मध्ये नैनीतालच्या उच्च न्यायालयाने बुग्याळांतल्या रात्रीच्या मुक्कामावर बंदी घातली, त्यामुळे आली-बेदनीतून जाणाऱ्या रूपकुंडच्या वाटेचं चित्र बदललं. निघण्याआधी वनखात्याकडून चालू नियम आणि परवाना घ्या.

हिमालयाआधी सह्याद्री करावा का?

जरूर करा. इंदूर-पुणे गाडी किंवा मुंबईला जाणारी अवंतिका एक्सप्रेस आहेच. पावसाळ्यात पन्हाळगड ते पावनखिंड ही वाट चिखल, धुकं आणि सतत भिजणं शिकवते. हिवाळ्यात रतनगड-हरिश्चंद्रगड करा. धुक्यात कड्याच्या कडेला न जाणं आणि खुणेची वाट सुटली की शेवटच्या ओळखीच्या जागी परत येणं, हे सह्याद्रीत पक्कं होतं.

गॅसचा छोटा डबा रेल्वेतून नेता येतो का?

नाही, विमानातूनही नाही. शेगडी न्या, डबा मनाली, डेहराडून किंवा ऋषिकेशला घ्या. रिकामा डबा डोंगरात न टाकता खाली आणा.